ऑनलाइन खरेदी करताना अँटीव्हायरसने इशारा दिला, तर खरे-खोटे कसे ठरवावे

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात मी ओळखीच्या एका बागायतदाराच्या संकेतस्थळावरून हापूसची पेटी मागवत होतो. पाच डझनांची पेटी निवडून झाली, पत्ता भरून झाला आणि पैसे भरण्याचे पान उघडणार तोच अँटीव्हायरसने ते अडवले. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उमटली; धोकादायक स्क्रिप्ट रोखली आहे, एवढे एक वाक्य आणि त्याखाली इंग्रजी अक्षरे, टिंबे व तिरप्या रेषा यांनी बनलेले एक नाव तिच्यात होते. या बागायतदाराकडून आम्ही चार वर्षे आंबे घेत होतो आणि माणूस फसवणारा नाही याची मला खात्री होती. त्यामुळे चूक अँटीव्हायरसचीच असणार, असे मी त्या क्षणी मनात ठरवूनही टाकले होते. माझा तो समज चुकीचा होता. तो कसा ते पुढे ओघात येईलच, पण तेव्हापासून एक गोष्ट मी पक्की केली आहे आणि ती या लेखातही धरून चाललो आहे: पैशाच्या व्यवहारात आलेला इशारा खोटा असल्याचे सिद्ध होईपर्यंत तो खरा मानावा, ते सिद्ध करण्यासाठी लागणारी दहा-पंधरा मिनिटे खुशाल खर्च करावीत, आणि तो खोटाच निघाला तर नुसता बाजूला न सारता संबंधितांना कळवावा.

इशारा कोण देत आहे, हे आधी पाहावे

पडद्यावरचा इशारा तीन ठिकाणांहून येऊ शकतो: संगणकातल्या अँटीव्हायरसकडून, ब्राउझरकडून, किंवा आपण उघडलेल्या पानाकडूनच. पहिले दोघे खरे पहारेकरी आहेत, तर तिसरा पहारेकऱ्याच्या वेशात आलेला चोर आहे. त्यामुळे इशाऱ्यात काय लिहिले आहे हे वाचण्याआधी तो कोणाचा आहे हे ठरवणे भाग आहे.

अँटीव्हायरसची चौकट बहुधा ब्राउझरच्या खिडकीबाहेर, पडद्याच्या उजव्या बाजूला खाली उमटते आणि ब्राउझर लहान केला तरी जागेवर राहते. काही अँटीव्हायरस अडवलेल्या पानाच्या जागी स्वतःचे पानही दाखवतात, त्यामुळे केवळ जागेवरून निर्णय करता येत नाही. खातरजमेची खरी रीत अशी आहे की, चौकटीतल्या कोणत्याही बटणाला हात न लावता घड्याळाशेजारच्या चिन्हावरून किंवा स्टार्ट मेन्यूतून अँटीव्हायरस आपण स्वतः उघडावा आणि त्यातील नोंदींचा इतिहास पाहावा. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर वापरत असाल, तर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ या भागात ही नोंद मिळते. इशारा खरोखर अँटीव्हायरसने दिला असेल, तर त्या वेळेची, त्या नावाची नोंद तिथे सापडते.

ब्राउझरचा इशारा पूर्ण पानभर आणि बहुतेक वेळा लाल रंगात येतो. गूगलने २००७ साली सुरू केलेली ‘सेफ ब्राउझिंग’ ही यादी क्रोमबरोबरच फायरफॉक्स आणि सफारीही वापरतात, तर एजमध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘स्मार्टस्क्रीन’ हे काम करते. हे पान शांतपणे कारण सांगते आणि मागे जाण्याचे बटण देते. ते कधीही फोन करायला सांगत नाही.

तिसऱ्या प्रकारचे पान नेमके हेच सांगते. तुमच्या संगणकात अमुक इतके व्हायरस आहेत, बँकेची माहिती चोरली जात आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा, असा मजकूर असतो, सोबत भोंगा वाजत असतो आणि पान पूर्ण पडदा व्यापून बसलेले असते. स्वस्त वस्तूंच्या जाहिरातींवर टिचकी मारल्यावर अशी पाने विशेषकरून उघडतात. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, संकेतस्थळाच्या पानाला तुमचा संगणक तपासण्याची सोयच नसते. त्यामुळे त्यावर दिलेला व्हायरसांचा आकडा मुळातच बनावट असतो. अशा वेळी पानावरच्या कशावरही, अगदी ‘बंद करा’ या फुलीवरही, टिचकी मारू नये. एस्केप ही कळ काही सेकंद दाबून धरावी म्हणजे पूर्ण पडदा सुटतो, मग ऑल्ट आणि एफ४ या कळा एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा. तेही जमले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तिथून ब्राउझर थांबवावा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर तो आधीची पाने परत उघडू का, असे विचारतो. त्याला नकार द्यावा.

असाच त्रास पडद्याच्या कोपऱ्यात अधूनमधून येत राहिला, तर एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी आपण नकळत दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सूचनांच्या परवानग्यांची यादी असते. तिच्यातली अनोळखी नावे काढून टाकली की हे थांबते. घरातल्या ज्येष्ठ मंडळींच्या संगणकावर आणि फोनवर ही यादी आपण स्वतः एकदा तपासून द्यावी, असे मला फार वाटते, कारण या खोट्या चौकटींना घाबरून फोन करणाऱ्यांत तीच मंडळी अधिक असल्याचे मी माझ्या आसपास पाहिले आहे.

प्रमाणपत्राची तक्रार

इशारा खरा पहारेकरीच देत आहे हे ठरल्यावर तो कशाबद्दल आहे ते शब्दशः वाचावे आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. तक्रारीचे प्रकार थोडेच आहेत, आणि त्यांत निरुपद्रवी कारण निघण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती सुरक्षा प्रमाणपत्राच्या, म्हणजे संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याच्या, तक्रारीत. तुमचे कनेक्शन खासगी नाही, प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, असे शब्द त्यात असतात.

इथे पहिला प्रश्न असा विचारावा की, तक्रार एकाच संकेतस्थळाबद्दल आहे की सगळ्यांबद्दल. सगळीकडे तीच तक्रार येत असेल, तर संगणकाची तारीख पाहावी. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो; तो संपला की संगणक बंद असताना घड्याळ थांबते, तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग आजची सगळी प्रमाणपत्रे त्या संगणकाला अजून सुरूच न झालेली वाटतात. तारीख दुरुस्त करून सेल बदलला की प्रश्न मिटतो. यंत्र फार जुने असणे हेही एक कारण असू शकते. असंख्य संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचा विश्वास ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेला होता, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली, आणि वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेल्या अनेक संगणकांवर व फोनवर पूर्णपणे योग्य अशी संकेतस्थळे त्या दिवसापासून अचानक असुरक्षित दिसू लागली.

अँटीव्हायरस स्वतःही अशा तक्रारीचे कारण असू शकतो. ‘एचटीटीपीएस’ या सुरक्षित मार्गाने येणारा मजकूर सांकेतिक रूपात गुंडाळलेला असतो. तो तपासायचा तर मध्ये बसून उघडावा लागतो, आणि त्यासाठी अनेक अँटीव्हायरस संगणकात स्वतःचे प्रमाणपत्र बसवतात. ते बिघडले किंवा जुने झाले की ब्राउझर प्रत्येक दुकानावर संशय घेऊ लागतो. पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावरून प्रमाणपत्र उघडून ते कोणी दिले आहे ते पाहावे. तिथे तुमच्याच अँटीव्हायरसचे नाव असेल, तर तो अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू करावा. कार्यालयातल्या संगणकावर हेच काम कंपनीची यंत्रणा करत असते, म्हणून तिथे आयटी विभागाला विचारावे आणि खासगी खरेदी शक्यतो तिथून करूच नये.

हॉटेल, रेल्वे स्थानक अशा ठिकाणच्या वाय-फायवर ही तक्रार आली, तर फोनच्या डेटावर जाऊन तेच संकेतस्थळ पुन्हा उघडून पाहावे. तिथे ते नीट उघडले, तर दोष त्या वाय-फायमध्ये आहे आणि त्याच्यावरून पैसे भरू नयेत. तारीख बरोबर आहे, यंत्र अद्ययावत आहे, जोडणी घरची आहे, आणि तरीही एकाच दुकानाबद्दल तक्रार येते, तर दोष दुकानाकडे आहे. तो निष्काळजीपणाचा असू शकेल, पण मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर कार्डाचा क्रमांक भरायला मी कोणालाही सांगणार नाही.

दुकान खरे, पण पान दूषित

आता त्या आंब्यांच्या पेटीकडे वळतो. अँटीव्हायरसने दिलेल्या नावाच्या सुरुवातीला ‘जेएस’ ही अक्षरे होती आणि पुढे ‘बँकर’ हा शब्द होता. ‘जेएस’ म्हणजे जावास्क्रिप्ट, अर्थात पानात बसवलेला आणि ब्राउझरमध्ये चालणारा आज्ञांचा मजकूर; यालाच स्क्रिप्ट म्हणतात. आणि ‘बँकर’ हा शब्द बँकेची किंवा कार्डाची माहिती उचलणाऱ्या प्रकारांसाठी वापरला जातो. मी पेटीच्या पुठ्ठ्यावर गेल्या वर्षी छापलेला क्रमांक शोधून बागायतदाराला फोन केला. त्यांच्या पुतण्याने संकेतस्थळ बांधून देणाऱ्याकडून तपासणी करून घेतली, तेव्हा कित्येक महिने अद्ययावत न केलेल्या एका प्लगइनमधून, म्हणजे संकेतस्थळाला जोडलेल्या जादा प्रोग्रॅममधून, कोणीतरी पैसे भरण्याच्या पानात परका मजकूर घुसवला असल्याचे आढळले. दुकान खरे होते, आंबे खरे होते, माणूस प्रामाणिक होता, आणि तरीही त्या पानावर लिहिलेला कार्ड क्रमांक तिसऱ्याच कोणाकडे जाणार होता.

या प्रकाराला कार्ड-स्किमिंग म्हणतात आणि तो मोठ्या कंपन्यांनाही चुकलेला नाही. ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळात २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अशाच अवघ्या बावीस ओळी घुसवल्या गेल्या होत्या आणि सुमारे दोन आठवडे प्रवाशांच्या कार्डांची माहिती बाहेर जात होती. त्या प्रकरणात ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड केला. चोरांनी माहिती गोळा करण्यासाठी घेतलेल्या संकेतस्थळाच्या पत्त्यालासुद्धा रीतसर प्रमाणपत्र होते. पत्त्याजवळचे कुलूप म्हणजे सुरक्षिततेची हमी, हा समज किती अपुरा आहे ते यातून दिसते. क्रोमने तर २०२३ मध्ये ते कुलपाचे चिन्हच काढून टाकले.

आपल्याकडे बरीच दुकाने पैसे भरण्यासाठी रेझरपे, पेयू, बिलडेस्क यांच्यासारख्या पेमेंट गेटवेकडे, म्हणजे दुकानासाठी पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थ सेवेकडे, पाठवतात. त्यामुळे मध्येच पत्ता बदलला तर लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र तो कोणाचा आहे हे वाचावे. गेटवेकडे जाण्याच्या आधी दुकानाच्याच पानावर कार्डाची पूर्ण माहिती मागितली, काही तरी चूक झाली असे सांगितले आणि मग खऱ्या गेटवेवर तीच माहिती पुन्हा भरायला लावली, तर पहिले पान खोटे असल्याची दाट शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानांना कार्डाचा खरा क्रमांक साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागी दिलेला पर्यायी संकेत, वापरावे लागते. ओळखीच्या दुकानात टोकन करून ठेवलेल्या कार्डाचा क्रमांक दर वेळी टंकावा लागत नाही, आणि जे टंकलेच नाही ते अशा स्क्रिप्टला उचलता येत नाही.

म्हणून नियम असा ठेवावा: इशारा पैसे भरण्याच्या पानावर आला आणि त्यातल्या नावात फिशिंग, स्पाय, बँकर, स्किमर असा शब्द असेल, तर विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी त्या पानावर त्या दिवशी काहीही भरू नये.

मग खोटे इशारे येतात कसे

असे असले तरी खोटे इशारेही येतातच. ते येण्याचे मूळ अँटीव्हायरसच्या कामाच्या पद्धतीत आहे. ज्ञात व्हायरसांच्या खुणांशी फाइल ताडून पाहणे ही सर्वांत जुनी पद्धत. पण रोज नवे नमुने येत असल्यामुळे तेवढ्याने भागत नाही. म्हणून संशयास्पद वागणुकीवरून अंदाज बांधला जातो, यंत्राला शिकवून तयार केलेल्या नमुन्यांचा आधार घेतला जातो, आणि एखादी फाइल किंवा पत्ता किती लोकांनी आधी पाहिला आहे यावरून त्याची पत ठरवली जाते. या शेवटच्या कसोटीत छोटा, नवा विक्रेता नेहमीच मागे पडतो. पैठणी विणणाऱ्याने किंवा कोल्हापुरी चपला करणाऱ्याने महिन्यापूर्वी सुरू केलेल्या दुकानाला पत कुठून असणार? त्यातच स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळासाठी भाड्याने घेतलेल्या जागेत, एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात, आणि त्यातल्या एखाद्याने गैरप्रकार केला तर कधी कधी त्या सर्व्हरच्या पत्त्यावरच ठपका येतो.

मोठ्यांच्या चुकाही नोंदलेल्या आहेत. ३१ जानेवारी २००९ रोजी गूगलच्या धोकादायक पत्त्यांच्या यादीत चुकून नुसती एक तिरपी रेघ भरली गेली. ती रेघ प्रत्येक पत्त्यात असल्यामुळे काही काळ शोधातला जवळपास प्रत्येक निकाल धोकादायक म्हणून दाखवला गेला. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एक आवश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि अनेक कार्यालयांतले संगणक पुनःपुन्हा बंद-सुरू होत राहिले. २०११ च्या सप्टेंबरअखेरीस मायक्रोसॉफ्टच्या मोफत अँटीव्हायरसने क्रोम ब्राउझरला बँकेची माहिती चोरणारा ट्रोजन ठरवून काही संगणकांवरून काढूनही टाकले. पुढच्याच वर्षी सोफोसच्या अँटीव्हायरसने स्वतःच्याच अपडेट करणाऱ्या भागावर बोट ठेवले. या सगळ्या चुका संबंधित कंपन्यांनी लगोलग दुरुस्त केल्या, आणि त्यातून घेण्याजोगा व्यावहारिक धडा असा की, अचानक आलेला आणि पटण्यास कठीण वाटणारा इशारा पाहिला की आधी अँटीव्हायरस अद्ययावत करावा, काही तास थांबावे आणि पुन्हा पाहावे. चूक त्यांची असेल, तर ती पुष्कळदा दुसऱ्या दिवशीपर्यंत आपोआप नाहीशी झालेली असते.

इशाऱ्यातले नावही थोडी माहिती देते. ‘जेन’ किंवा ‘जेनेरिक’, ‘ह्यूर’ असे तुकडे, किंवा डिफेंडरच्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्हानंतर येणारी ‘एमएल’ ही अक्षरे, यांचा अर्थ असा की निदान नेमक्या ओळखीवरून न होता अंदाजावरून झाले आहे. अशा नावांत चुकीची शक्यता तुलनेने अधिक असते. ‘पीयूए’ किंवा ‘पीयूपी’ असे असेल, तर तो प्रोग्रॅम व्हायरस नसून नको असलेला सोबती आहे. कूपन शोधून देणारी, भावांची तुलना करणारी एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, पुष्कळदा या वर्गात पडतात. त्यांना खोटा इशारा म्हणून माफ करू नये. तुम्ही उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची परवानगी त्यांच्याकडे असते, म्हणून खरी गरज नसेल तर ती काढून टाकलेली बरी.

पडताळणी

दुसरे मत घेण्यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे व्हायरसटोटल. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलच्या मालकीची असलेली ही सेवा एकच पत्ता किंवा फाइल कित्येक कंपन्यांच्या तपासणी यंत्रणांना दाखवते आणि प्रत्येकीचे मत समोर ठेवते. तिथे संशयित पत्ता देताना दुकानाचा मूळ पत्ता द्यावा. ऑर्डरच्या दुव्यात आपली ओळख गुंतलेली असू शकते, म्हणून तो संपूर्ण दुवा तिथे चिकटवू नये. तसेच स्वतःचे बिल, ओळखपत्र किंवा बँकेचे कागद तिथे चढवू नयेत, कारण चढवलेल्या फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतरांना पाहायला मिळतात.

निकाल वाचताना नुसते आकडे मोजू नयेत. सत्तरएक यंत्रणांपैकी एखाद-दुसरीनेच आक्षेप घेतला आणि तिने दिलेले नाव अंदाजी असेल, तर इशारा खोटा असण्याकडे कल झुकतो. पण माझ्या आंब्यांच्या पानाबद्दलही दोनच यंत्रणांनी तक्रार केली होती. फरक इतकाच की दोघींनीही त्यातल्या स्क्रिप्टला कार्डाची माहिती चोरणारी म्हटले होते. उलट, कालच उघडलेल्या बनावट दुकानाबद्दल एकाही यंत्रणेची तक्रार नसणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणजे तिथला कोरा निकाल हा निर्दोषत्वाचा दाखला होऊ शकत नाही. गूगलच्या पारदर्शकता अहवालातही एखादा पत्ता तपासून पाहता येतो.

त्यानंतर दुकानाचे वय पाहावे. ‘हू इज’ नावाची नोंद शोधून देणाऱ्या अनेक मोफत सेवा आहेत. पत्ता कधी नोंदवला गेला हे त्यात कळते. पंचवीस वर्षांची परंपरा सांगणारे आणि ऐंशी टक्के सूट देणारे दुकान दिवाळीच्या तीन आठवडे आधी नोंदवलेले असेल, तर अँटीव्हायरसची तक्रार खोटी आहे का, हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. पत्त्याची अक्षरे एकेक करून वाचावीत. नेटबँकिंगचे पान उघडले असेल, तर भारतीय बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर न्यावीत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता, हेही ध्यानात ठेवावे.

विक्रेत्याशी बोलायचे तर क्रमांक त्या संकेतस्थळावरचा घेऊ नये. जुने बिल, पेटी, पिशवी, दुकानाची पाटी, ओळखीचा माणूस, यांपैकी कशावरून तरी तो मिळवावा.

अपवाद करायचाच असेल तर

या सगळ्यानंतर इशारा खोटा असल्याची खात्री पटली, तरीही अँटीव्हायरस बंद करून खरेदी करू नये. ‘पाच मिनिटांसाठी संरक्षण बंद करा’, असे एखाद्या विक्रेत्याने किंवा मदत केंद्राने सांगितले, तर ते ऐकू नये; मला स्वतःला असे एकदा सांगण्यात आले होते आणि मी तिथली खरेदी सोडून दिली. सेटिंग्जमध्ये अपवादांची यादी असते. तिच्यात फक्त तो एक पत्ता किंवा ती एक फाइल घालावी. पूर्ण फोल्डर, विशेषतः डाउनलोड्सचा फोल्डर, कधीही अपवादात घालू नये. खरेदी झाल्यावर अपवाद काढून टाकावा. अँटीव्हायरसने एखादी फाइल उचलली असेल, तर ती पुसण्याऐवजी क्वारंटाइनमध्ये राहू द्यावी; तिथे ती चालू शकत नाही आणि चूक सिद्ध झाल्यास परत मिळते.

पुष्कळदा अपवाद करण्यापेक्षा वाट बदलणे सोपे असते. वस्तू मिळाल्यावर रोख देण्याची सोय असेल, तर ती घ्यावी. विक्रेत्याशी फोनवर बोलून मागणी नोंदवावी. मोठ्या दुकानाचे अधिकृत अ‍ॅप प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरून घ्यावे. मात्र संगणकाने अडवलेले पान अँटीव्हायरस नसलेल्या फोनवर उघडून पैसे भरणे ही पळवाट आहे. पानात घुसलेली स्क्रिप्ट फोनमध्येही तेच काम करते.

खोटा इशारा आहे का, याची चर्चासुद्धा करू नये अशी एक जागा आहे. पार्सल अडकले आहे, पत्ता दुरुस्त करा, परतावा घ्या, असे सांगत व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा एसएमएसने एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवण्याची फाइल, पाठवली जाते, आणि ती बसवताना अँड्रॉइडची प्ले प्रोटेक्ट ही अंगभूत सुरक्षा अडवते. पाठवणारा लगेच सांगतो की, हा नेहमीचाच इशारा आहे, ‘तरीही बसवा’ निवडा. कोणतीही कुरियर कंपनी, बँक किंवा दुकान ग्राहकाला अशा रीतीने अ‍ॅप पाठवत नाही. अशी अ‍ॅप्स एसएमएस वाचण्याची परवानगी घेतात आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतात. बिल म्हणून आलेल्या फाइलच्या नावात पीडीएफनंतर ईएक्सई असा शेवट असेल, म्हणजे ती कागद नसून प्रोग्रॅम असेल, तर तिथेही हेच लागू आहे.

खोटा इशारा कळवणे

हे काम जवळजवळ कोणी करत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते, कारण चुकीने अडवलेला छोटा विक्रेता त्यामुळे अक्षरशः गिऱ्हाइकाविना बसतो. आंब्याचा मोसम दोन-अडीच महिन्यांचा; त्यातला एक आठवडा लाल पडद्यामागे गेला तर तो वर्षभर भरून निघत नाही. अँटीव्हायरस बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या चुकीचा इशारा कळवण्याची सोय ठेवतात. मायक्रोसॉफ्टचे त्यासाठी स्वतंत्र पान आहे, आणि इतर कंपन्यांकडे, पुण्याच्या क्विक हीलसह, मदत विभागामार्फत कळवता येते. कळवताना पूर्ण पत्ता, इशाऱ्यातले नाव जसेच्या तसे, तारीख, वेळ, अँटीव्हायरसची आवृत्ती आणि स्क्रीनशॉट द्यावा. हीच माहिती विक्रेत्यालाही पाठवावी, कारण ‘तुमची साइट उघडत नाही’ एवढ्या वाक्यावरून त्याला काहीच करता येत नाही.

विक्रेत्यानेही आधी आपले घर तपासावे. प्लगइन अद्ययावत करावेत, पासवर्ड बदलावेत, पैसे भरण्याच्या पानात आपण न घातलेली स्क्रिप्ट आहे का ते तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे, आणि मगच फेरतपासणी मागावी. गूगलच्या यादीत नाव गेले असेल, तर सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या गूगलच्या सेवेतून ती मागता येते. दोष न काढता मागितलेली फेरतपासणी फेटाळली जाते आणि दिवस मात्र वाया जातात. आमच्या बागायतदाराचे पान दोन दिवसांत स्वच्छ झाले. पेटी मात्र मी फोनवरच मागवली आणि पैसे हातात दिले.

इशारा डावलून पैसे आधीच भरले असतील तर

वेळ न घालवता बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड बंद करावे आणि बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा किंवा ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तो तिसरीकडेच आहे, अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे मानले जाते. म्हणून आपली चूक झाली असे वाटत असले तरी लाजून गप्प बसू नये.

पैसे गेले नसले, फक्त कार्डाची माहिती भरली गेली असली, तरी कार्ड बदलून घ्यावे. परदेशातल्या अनेक दुकानांत ओटीपी लागत नाही, त्यामुळे चोरलेला क्रमांक पुष्कळदा तिथेच वापरला जातो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करण्याची सोय असते, ती त्याच वेळी वापरावी. त्या दुकानातला पासवर्ड इतर कुठे वापरला असेल, तर तोही बदलावा, पण तो दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. मग आपल्या संगणकाची पूर्ण तपासणी लावावी. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर त्यासाठी मोफत साधनेही मिळतात. पुढचे दोन महिने खात्याचा उतारा दर आठवड्याला पाहावा, आणि एक-दोन रुपयांचा अनोळखी व्यवहार दिसला तरी तो बँकेला कळवावा, कारण मोठी रक्कम उचलण्याआधी कार्ड चालते का, हे चोर पुष्कळदा अशाच क्षुल्लक रकमेने पाहतात.